पण वही कुणी वाचली तर?

प्रश्न : ताई, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, वय 23, बीकॉम झालंय. वडील पॉवरलूमवर टॉवेल विणतात, आई विड्या वळते. घरात तेलुगू, शाळा मात्र मराठी. पुढच्या महिन्यात पुण्याला इंटरव्ह्यू आहे आणि आत्तापासूनच पोटात गोळा येतोय, आधीचे दोन गेले, तोंडातून शब्दच फुटला नाही. मैत्रीण म्हणाली रोज मनातलं लिही. लिहिते, पण "मी स्ट्राँग आहे, मी करून दाखवणार" असलंच लिहिलं जातं आणि वही मिटली की परत तेच. खरं लिहायला घेतलं की हात थांबतो. माझं मराठी पण शुद्ध नाही, आणि दोन खोल्यांच्या घरात वही लपवायची कुठं?

उत्तर : वहीचं शेवटी सांगते, आधी ते "मी स्ट्राँग आहे" बंद कर. ते तू स्वतःसाठी लिहीत नाहीयेस गं, वही कुणाच्या हाती लागलीच तर त्याला बरं वाटावं म्हणून लिहितेयस. मीही हेच केलंय. नोकरी लागली तेव्हा मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की मला घाम फुटायचा, आणि रात्री वहीत "आज भीती वाटली, उद्या वाटणार नाही" एवढं लिहून झोपायचे. एकदा चिडून लिहायला बसले की नेमकी कशाची भीती, तर निघालं काय, सातवीत मोठ्यानं धडा वाचताना बाईंनी मधेच "बस खाली, दुसरं कुणीतरी वाच" म्हटलं होतं आणि मागच्या बाकावरून सगळे हसले होते. लिहिताना खूप रडले, त्या रात्री बरं वगैरे काही वाटलं नाही. पण पुढच्या मीटिंगला घाम आला तेव्हा तो कुठून येतोय हे माहीत होतं, आणि मी बोलले, अडखळत का होईना.

तू त्या दोन इंटरव्ह्यूंचं लिही. टेबलापलीकडं कोण बसलेलं, काय विचारलं, कुठल्या शब्दाला जीभ अडली, त्या क्षणी मनात काय आलं, सगळं. वडिलांना विचार, धागा तुटून लूम थांबलं तर तुटलेलं टोक सापडल्याशिवाय गाठ मारता येते का.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा 1986 सालचा एक प्रयोग आहे. कॉलेजच्या मुलांना सलग 4 दिवस, रोज 15 मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टीवर लिहायला लावलं. काहींनी नुसती घटना लिहिली, काहींनी नुसत्या भावना, काहींनी दोन्ही. पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या त्या दोन्ही लिहिणाऱ्यांच्या, आणि लिहून उठल्या उठल्या मात्र त्याच मुलांना जास्त उदास वाटत होतं. म्हणून पहिल्या दोन दिवसांत जीव जड झाला तर घाबरून सोडू नकोस. अगदीच सहन होईना तर तो विषय ठेव बाजूला. आणि झोप, जेवण उडालं असेल तर 14416 ला फोन कर, टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत.

शुद्धलेखनाकडं बघू नका असं पेनेबेकर लिहिणाऱ्यांना सांगतातच. मी तर म्हणते मराठीतच का लिहायचं? भीतीचा आवाज मनात तेलुगूत येतो ना, मग तेलुगूत लिही, लिपी येत नसेल तर देवनागरीत लिही. आपल्या सोलापुरात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड सगळं ऐकू येतं, कुणाची कुठली भाषा शुद्ध राहिलीय, आणि त्यात लाजायचं काय!

इंटरव्ह्यूच्या दिवशी पण लिही. शिकागो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रामिरेझ आणि बायलॉक यांनी 2011 मध्ये दाखवलं की परीक्षेच्या तोंडावर 10 मिनिटं आपली काळजी कागदावर काढली तर फार टेन्शन घेणाऱ्या मुलांचे मार्क सुधारतात. इंटरव्ह्यू वेगळा, मान्य, पण हुतात्मा एक्स्प्रेसनं जाणार असशील तर दौंड सोडलं की कागद काढ.

आणि वही नकोच. सुटे कागद घे, लिहून झालं की फाड, जपून ठेवायची काही गरज नाही. घरात नकोच वाटलं तर सकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी जाऊन बस, तिथं पंधरा मिनिटं कुणी विचारत नाही काय लिहितेस म्हणून.