ॲपलचा स्टीव्ह जॉब्स आणि मायक्रोसॉफ्टचा बिल गेट्स यांच्यातली चुरस दाखवणारा चांगला चित्रपट कोणता?

'पायरेट्स ऑफ सिलिकॉन व्हॅली' नक्की बघा. १९९९ चा, अमेरिकेतल्या टीएनटी वाहिनीसाठी केलेला. नोआ वाइली जॉब्स झालाय, अँथनी मायकल हॉल गेट्स. गोष्ट मात्र सांगतात जॉब्सचा ॲपलमधला भागीदार वॉझनियाक आणि गेट्सचा मायक्रोसॉफ्टमधला सहकारी बामर, म्हणजे दोघांच्या शेजारी उभं राहून सगळं पाहिलेली माणसं. त्यामुळे कुणी एकच नायक ठरत नाही, आणि मला हेच फार आवडतं.

शेवट तर डोळ्यांसमोरून हलत नाही: १९९७ ची बोस्टनची मॅकवर्ल्ड (ॲपलच्या मॅक संगणकांचं प्रदर्शन), मंचावर एवढासा जॉब्स आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर गेट्सचा चेहरा. हे खरंच घडलंय. मायक्रोसॉफ्टने तेव्हा ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतवले. वाइली इतका हुबेहूब दिसला की १९९९ च्या न्यूयॉर्क मॅकवर्ल्डमध्ये जॉब्सच्या आधी तोच जॉब्स बनून मंचावर आला!