भाड्याने एसबीएलसी घेऊन त्यावर कर्ज मिळतं का?

तुम्ही विचारलंय की एक मध्यस्थ परदेशी बँकेची एसबीएलसी (स्टँडबाय लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे एक प्रकारची बँक गॅरंटी) ‘लीज’वर देतो म्हणतोय, त्यावर कारखान्यासाठी कर्ज उचलता येईल का. कृपया त्याला एक रुपयाही आगाऊ देऊ नका.

बँक गॅरंटी म्हणजे पैसा नव्हे. अमक्याने देणं चुकवलं तर आम्ही भरू, एवढंच ते बँकेचं वचन. ते देण्याआधी बँक तुमचा ताळेबंद बघते, मार्जिन म्हणून एफडी अडकवते, तारण घेते, वर कमिशन लावते. मग जिथे पैसे बुडण्याची जोखीम खरी आहे, तिथे अनोळखी माणसाला कोण भाड्याने देईल? खरी गॅरंटी ‘एमटी ७६०’ या संदेशाने, स्विफ्ट या बँकांच्या संदेशजाळ्यावरून, बँक ते बँक जाते; पीडीएफमधली प्रत म्हणजे नुसता कागद.

खरा वापर आहे, पण वेगळा. भारतीय कंपनीच्या परदेशातल्या उपकंपनीला तिथली बँक कर्ज देते, कारण इथल्या बँकेने एसबीएलसी दिलेली असते. हप्ते थकले की ती वटवली जाते आणि इथली बँक मूळ कंपनीकडून वसूल करते. म्हणजे कर्ज मिळतं ते शेवटी तुमची स्वतःची पत असेल तरच.

मार्जिनशिवाय वचनं दिली की काय होतं, ते २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या शाखेत उघड झालेल्या नीरव मोदी घोटाळ्यात दिसलं. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने आयातीसाठीची ‘लेटर ऑफ अंडरटेकिंग’ (आयातदारासाठी बँकेने परदेशातल्या बँकेला दिलेलं हमीपत्र) ही पद्धतच बंद केली.

कारखान्यासाठी तारण कमी पडत असेल तर तुमच्या बँकेत सीजीटीएमएसई हमीबद्दल (लहान उद्योगांच्या कर्जासाठीची सरकारी हमी योजना) विचारा.