ही गाठ किती किलोची?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत पाठवलेले प्रबंधाचे दुसरे प्रकरण परवा रात्री वाचले. कापसाच्या व्यापारावर आंतरजालावर इतके काही पसरलेले आहे की नेमके कोणते संकेतस्थळ खरे मानावे तेच कळेनासे झाले, असे तू लिहिले आहेस. एकाच हंगामाच्या उत्पादनाचे चार आकडे तुला मिळाले आणि त्यांतला मोठ्यात मोठा तू घेतलास, कारण तो सरकारी होता. गोंधळ मला समजतो. समजत नाही ते वेगळेच आहे. त्या चारही आकड्यांपुढे तू नुसते ‘गाठी’ असे लिहिले आहेस.

किती किलोची गाठ? भारतात रुईची, म्हणजे सरकी (बी) काढलेल्या कापसाची, गाठ १७० किलोंची धरतात. अमेरिकेचे कृषी खाते त्याच्या ‘पीएसडी ऑनलाइन’ या विदागारात भारताचेही उत्पादन ४८० पौंडांच्या, म्हणजे सुमारे २१८ किलोंच्या गाठींमध्ये मांडते. तेव्हा वजन तंतोतंत सारखे असले तरी त्यांच्याकडील गाठी आपल्यापेक्षा बावीस टक्क्यांनी कमी दिसणारच. तू ज्याला स्रोतांमधला मतभेद म्हणतोस, त्यातला बराचसा भाग हा असा निव्वळ वजनाचा आहे. उरलेला फरक खरा आहे आणि तोच अभ्यासाचा विषय आहे; पण तो दिसायला आधी सगळे आकडे किलोंमध्ये आणावे लागतात.

आता तुझ्या त्या निष्कर्षाकडे येतो, ज्याचा तुला अभिमान वाटत असावा. बाजार समितीत कापूस क्विंटलला ७,००० रुपये, व्यापारी विकतो तेव्हा १५,००० च्या वर, म्हणजे निम्म्याहून अधिक मलिदा मधले लोक खातात, असे तू लिहिले आहेस. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाने हे लिहावे याचे मला वाईट वाटले. कृषी पणन मंडळाच्या तक्त्यातला भाव कापसाचा आहे, सरकीसकटचा. व्यापाऱ्याचा भाव रुईचा आहे आणि तो ३५५.६२ किलोंच्या खंडीवर बोलला जातो. हिशेबापुरते धर की खंडीला ५४,००० रुपये भाव आहे. क्विंटलला ते सुमारे १५,१८५ झाले. पण शंभर किलो कापसातून, उतारा ३४ चा धरला तर, रुई ३४ किलोच निघते आणि तिचे ५,१६३ रुपये होतात. दोन किलो घट सोडून सरकी ६४ किलो. तिला क्विंटलला ३,२०० धरले तर २,०४८ रुपये. बेरीज ७,२११. शेतकऱ्याला दिलेले ७,००० वजा करता उरले २११ आणि त्यातून पिंजणी नव्हे, नुसती जिनिंग-प्रेसिंगची, म्हणजे सरकी काढून गाठ बांधण्याची, मजुरी आणि वीजसुद्धा जायची आहे. व्यापारी साधुसंत आहेत असे मी म्हणत नाही. काटा, कट्टी म्हणजे वजनातली कपात, ओलाव्याच्या नावाखाली पाडलेला भाव, हे सगळे तुझ्या वडिलांनी भोगलेले असणार. पण ते तुझ्या तक्त्यात कुठेच आलेले नाही आणि जे नाही ते मात्र आले आहे.

कापूस, सरकी, रुई, सूत असे चार वेगळे शब्द आपल्याकडे शेतातल्या मजुरालाही माहीत असतात. इंग्रजी तक्त्यात ‘कॉटन’ दिसले की तू ते सगळे एकाच पोत्यात भरलेस. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या ‘फाओस्टॅट’मध्येसुद्धा सरकीसकट कापूस, रुई आणि सरकी या तीन स्वतंत्र नोंदी आहेत, फक्त शोधचौकटीत पहिले येईल ते उचलायचे नसते. व्यापाराच्या आकड्यांत तर हे झाड पार विखुरलेले आहे: आयात-निर्यातीच्या वस्तू-क्रमांकांत न पिंजलेली रुई ५२०१ या शीर्षकाखाली, सूत ५२०५ मध्ये, सरकी १२०७ मध्ये तेलबियांच्या शेजारी आणि सरकीची पेंड २३०६ मध्ये. हे नुसते पहिले चार अंक झाले; पूर्ण आठ अंकी क्रमांकातले पहिले सहा जगभर समान असतात, पुढचे दोन आपले. ‘कापसाची निर्यात’ असे नुसते लिहिलेस तर मी विचारणारच, कोणत्या क्रमांकाची?

वर्षाचेही तसेच. आपला कापूस हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर, अमेरिकेच्या खात्याचे कापूस-वर्ष ऑगस्ट ते जुलै, आपल्या वाणिज्य मंत्रालयाचे वर्ष एप्रिल ते मार्च. कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात माफ होते. हा सारा काळ एकाच आर्थिक वर्षात बसतो, पण हंगामाच्या हिशेबात तो ३० सप्टेंबरला दुभंगतो. वार्षिक आकडे घेऊन तू या सवलतीचा परिणाम मोजायला बसलास, तर तुला हवे ते उत्तर मिळेल. मासिक आकडे उपलब्ध आहेत. ते उतरवण्याचा कंटाळा हे कारण मी ऐकणार नाही.

हे सगळे मी चढ्या आवाजात का सांगतो आहे ते तुला माहीत नाही. नव्वदच्या दशकात मी एका संस्थेसाठी अहवाल लिहिला. अमेरिकी खात्याचे छापील परिपत्रक हाती लागले होते, त्यातल्या भारताच्या गाठी सरकारी आकड्यापेक्षा कमी दिसल्या आणि आपले सरकार पीक फुगवून सांगते असा सणसणीत निष्कर्ष मी काढला. पुढे यवतमाळकडच्या एका जिनिंगमध्ये गेलो असता तिथल्या म्हाताऱ्या मुनीमजींनी तो तक्ता पाहिला आणि एवढेच विचारले, “सायेब, हे गाठ किती किलोची हाये जी?” मला उत्तर देता आले नाही. अहवाल तोवर छापून वाटला गेला होता. चूक कळवणारे पत्र मी संस्थेला लिहिले खरे, पण टपालात टाकले नाही. आपल्यावर पुन्हा काम सोपवणार नाहीत अशी भीती होती, घरी दोन लहान मुले होती. पुढे दोन लेखांत तो आकडा माझ्या नावानिशी उद्धृत झालेला पाहिला. त्यानंतर मात्र एकक, वर्ष आणि नोंद करणाऱ्याचे नाव नसलेल्या कोणत्याही तक्त्यावर मी सही केली नाही. त्यापायी दोन कामे गेली, हेकेखोर ही पदवी मिळाली. ती मला अजूनही अन्यायाची वाटते. पण तो विषय इथे नको.

नोंद करणाऱ्याचे नाव यासाठी की आकडा कोणत्या खिडकीवर जन्मला ते कळावे. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, म्हणजे कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा. बाहेर भाव चढा असला की रात्रीतून गाड्या शेजारच्या राज्यांत जात. त्या वर्षांतला खरेदीचा आकडा पिकाविषयी कमी आणि भावातल्या तफावतीविषयी जास्त बोलतो. ‘अ‍ॅगमार्कनेट’ या सरकारी बाजारभाव संकेतस्थळावर दिसणारी आवकदेखील बाजार समितीच्या फाटकातून आत आलेल्या मालाची असते. गावातच खेडा खरेदीत गेलेला कापूस तिथे शोधू नकोस.

वाचनाविषयी तू विचारले आहेस. कृषी विद्यापीठांचे जुने प्रबंध ‘कृषिकोश’वर आहेत, तेथून राहुरी आणि अकोल्याचे कापूस-पणनावरचे काम आधी पाहा. मिनेसोटा विद्यापीठाचे ‘अ‍ॅगइकॉन सर्च’ हे कृषी अर्थशास्त्राचे भांडार विनामूल्य आहे. संकेतस्थळांची याहून लांब यादी मी देणार नाही. तुझ्याकडे ती आहेच आणि तिनेच तुला घोळात घातले आहे.

बेटा, प्रकरण फाडून टाकू नकोस. चौदाव्या पानावरचा तक्ता तेवढा नव्याने कर: प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर वस्तू, किलो, महिना आणि नोंदणारी संस्था लिही, मगच आकडे भर. दिवाळीला गावी जाशील तेव्हा जवळच्या जिनिंगमध्ये यंदा उतारा किती पडतो आहे ते विचारून ये. माझा ३४ हा अंदाज आहे, तो खोडून त्यांचा आकडा घाल आणि २११ चे काय होते ते मला कळव.