पावसाळ्यात गावठी कोंबड्यांची पिल्लं का दगावतात?
पाटणकडे परसात आठ-दहा गावठी कोंबड्या आहेत आणि पाऊस लागला की पिल्लं मरतात, असं एकाने विचारलंय. आधी खुराड्यातलं भाताचं तूस मुठीत दाबून बघा. गोळा झाला तर ओल जास्त आहे. पिल्लू पंख पाडून बसलं, विष्ठेत रक्त दिसलं, तर बहुतेक रक्ती हगवण. ती ओलीतच फोफावते. तूस रोज खालीवर करा, भिजलेलं काढून टाका, पाण्याचं भांडं विटेवर ठेवा. औषध मात्र जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच द्या.

मानमोडी (राणीखेत) या कोंबड्यांच्या साथीच्या रोगावरची लासोटा लस 5 ते 7 दिवसांच्या पिल्लाला डोळ्यात थेंब टाकून द्या, बर्फात ठेवूनच आणा. ही चुकवू नकाच, मानमोडी शिरली की अख्खं खुराडं रिकामं होतं. मुंगूस आत शिरू नये म्हणून खुराड्याला बारीक भोकांची जाड तारेची जाळी लावा.