विंडोज ११ मध्ये १०.० दिसतंय म्हणजे इन्स्टॉल गंडलेलं नाही

तुम्ही विचारलंय की सेटिंगमध्ये विंडोज ११ दिसतं पण कमांड प्रॉम्प्ट १०.० सांगतो, तर अपग्रेड अर्धवट झालंय का? अजिबात नाही, फॉरमॅट वगैरे करू नका प्लीज. १०.० च्या पुढे येणारा बिल्ड नंबर २२००० किंवा त्यापुढचा असेल तर ते ११ च आहे.

खोक्यावरचं नाव आणि आतला आकडा यांचा संबंध कधीच सुटलाय. व्हिस्टा आतून ६.०, विंडोज ७ आतून ६.१, ८ म्हणजे ६.२. आता ७ ला सरळ ७.० का नाही दिलं, तर जुन्या प्रोग्रॅमांसाठी. एक्सपी आतून ५.१ होतं, मग कोणीतरी प्रोग्रॅममध्ये चेक, म्हणजे व्हर्जन तपासणारी अट, लिहायचा की पहिला आकडा ५ किंवा जास्त हवा आणि दुसरा १ किंवा जास्त हवा. वाचायला बरोबर वाटतं ना? पण व्हिस्टाच्या ६.० मध्ये दुसरा आकडा शून्य, झालं, प्रोग्रॅम म्हणणार तुमची सिस्टिम जुनी आहे! मी स्वतः असा एक इन्स्टॉलर घेऊन अख्खी दुपार बसलोय, नव्याकोऱ्या मशीनवर 'एक्सपी किंवा त्यापुढचं लागेल' म्हणून अडून बसला होता, कंपॅटिबिलिटी मोड (यात विंडोज प्रोग्रॅमला आपण जुनं व्हर्जन आहोत असं भासवतं) लावला आणि दोन मिनिटात चालला, म्हणजे प्रोग्रॅममध्ये खोट काहीच नव्हती, फक्त तो चेक चुकीचा.

म्हणून ८.१ पासून तर विंडोज सरळ थाप मारतं. प्रोग्रॅमने मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमसोबतच्या माहितीत) 'मला नवं व्हर्जन माहीत आहे' असं लिहिलं नसेल तर व्हर्जन विचारणाऱ्या जुन्या फंक्शनला ६.२ च उत्तर मिळतं, अगदी १० वर सुद्धा. आणि हे फक्त मायक्रोसॉफ्टचं नाही हां, २०११ मध्ये लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, २.६.३९ वरून ३.० झाला, आत मोठा बदल काही नाही, तरी २.६ धरून बसलेले प्रोग्रॅम अडखळले आणि ३.० ला २.६.४० म्हणून दाखवायची सोय करावी लागली. मॅकचंही तेच, २०२० चं बिग सर हे मॅकचं व्हर्जन ११ आहे पण जुन्या ॲपना १०.१६ सांगतं.

मला हे थापा मारणं पटतं, कारण लोकांची वर्षानुवर्षांची कामं त्या जुन्या प्रोग्रॅमांवर चालतात आणि बऱ्याचदा तो लिहिणारा माणूस आता सापडतही नाही.

तुम्ही स्वतः कोड लिहीत असाल तर आकडा विचारूच नका, जी सोय हवी ती आहे का ते थेट तपासा. आणि आकडे टेक्स्ट म्हणून तर कधीच जोखू नका, तसं केलं की '१०' हे '९' च्या आधी येतं.

तुमचा एखादा जुना प्रोग्रॅम असा अडत असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटी टॅबला जाऊन विंडोज ७ निवडून बघा. तो १६ बिटचा निघाला तर मात्र ६४ बिट विंडोजवर चालणार नाही, त्याला व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणारा नकली कॉम्प्युटर) जुनं विंडोज टाकावं लागेल.