डार्क सिंथ-पॉप आणि इंडस्ट्रियल डान्स यांचा मेळ असलेला, दोघांच्याच जोडीचा पहिला अल्बम सुचवाल का?

गायक एक, यंत्रांवर म्हणजे सिंथेसायझरवर एक, वातावरण काळोखी आणि तरी पाय हलले पाहिजेत, एवढ्या तुमच्या अटी आहेत. माझं उत्तर: सॉफ्ट सेल या ब्रिटिश जोडीचा 'नॉन-स्टॉप इरॉटिक कॅबरे', नोव्हेंबर १९८१. "म्हणजे ते 'टेन्टेड लव्ह' या हिट गाण्यावाले?" म्हणून नाक मुरडू नका. मीही बरीच वर्षं तेच केलं आणि पस्तावलो.

गायक मार्क आमंड आणि यंत्रांवरचा डेव्ह बॉल हे दोघं लीड्स पॉलिटेक्निकमध्ये चित्रकला-शिल्पकला शिकणारे विद्यार्थी. पहिली ईपी (चार-पाच गाण्यांची छोटी रेकॉर्ड) काढली १९८०मध्ये, बॉलच्या आईकडून उसने पैसे घेऊन. पुढच्या वर्षी 'मेमोराबिलिया' हे सिंगल आलं, त्याचा निर्माता होता म्यूट रेकॉर्ड्स या कंपनीचा डॅनियल मिलर. चार्टमध्ये ते कुठेच नव्हतं, पण ऐकून बघा: एकच बास पुन्हा पुन्हा घुमत राहतो, त्यावर आमंड जवळजवळ बोलतच जातो. टेक्नो हा शब्द रूढ व्हायच्या आधीचं हे काम.

तुमचा 'इंडस्ट्रियल', म्हणजे यंत्रांच्या कर्कश आवाजांच्या संगीताचा धागा इथे आहे, फक्त उलट्या दिशेने. या जोडीने इंडस्ट्रियलवाल्या मंडळींकडून काय घेतलं यापेक्षा त्या मंडळींनी हिच्याकडून काय उचललं ते बघा. कॉइल या इंडस्ट्रियल गटाने १९८५मध्ये 'टेन्टेड लव्ह' इतकं संथ केलं की ते प्रेतयात्रेचं गाणं वाटतं. त्याच पठडीतल्या नाइन इंच नेल्सने १९९४मध्ये 'मेमोराबिलिया' आपल्या पद्धतीने पुन्हा गायलं. पॉपवाल्यांची गाणी उगाच कोणी एवढ्या काळ्या रंगात रंगवत नाही. काळोख मुळात होताच.

तो मला सगळ्यात जास्त दिसतो 'बेडसिटर'मध्ये. रविवारची सकाळ, भाड्याची एक खोली, जमिनीवर कपडे आणि रेकॉर्ड्स पसरलेल्या, बोलायला फक्त रेडिओ. संध्याकाळी पुन्हा तोंड रंगवून क्लबमध्ये. पुण्यात कॉट बेसिसवर काढलेले रविवार ज्याला आठवतात त्याला वेगळं समजावून सांगायला नको. आणि ठेका मात्र नाचायचाच! ना किंकाळ्या, ना भुतंखेतं. थोडा कर्कशपणा हवाच असेल तर 'सेक्स ड्वॉर्फ' आहे. ते गाणं घरच्यांसमोर स्पीकरवर लावू नका, एवढंच सांगतो.

आमंडचा सूर कधीकधी सरळसरळ ढळतो. काहींना ते खटकतं. मला वाटतं यंत्रं इतकी शिस्तीत चालताना माणसाने थोडं घसरावं, त्यातच मजा आहे. निर्माता माइक थॉर्नने न्यूयॉर्कच्या मीडियासाउंड स्टुडिओत अल्बम केला, त्याच्याकडचं सिंक्लाव्हियर हे महागडं डिजिटल सिंथेसायझर वापरून. पण आवाज फार गुळगुळीत होऊ दिला नाही.

आता एक विषयांतर. 'टेन्टेड लव्ह' मूळचं एड कॉबने लिहिलेलं, ग्लोरिया जोन्सने १९६४मध्ये गायलेलं. सॉफ्ट सेलचं सिंगल ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेच्या हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ४३ आठवडे टिकलं. पण त्या सिंगलच्या दुसऱ्या बाजूलाही यांनी दुसऱ्याचंच गाणं ठेवलं होतं. स्वतःचं एखादं टाकलं असतं तर प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे गीतकार म्हणून पैसे मिळाले असते. एवढ्या मोठ्या हिटमधून लेखनाचं मानधन शून्य!

मुखपृष्ठही नीट बघा: आमंड जाकिटातून खाकी कागदात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढतोय, मागे बॉल उभा. आत काय असेल ते अल्बमच्या नावावरून ओळखा.

गाणी दहाच आहेत. पहिल्यांदा ऐकताना दुसऱ्या बाजूपासून, म्हणजे 'एंटरटेन मी'पासून सुरू करा आणि 'से हॅलो, वेव्ह गुडबाय'पर्यंत मध्ये थांबू नका. 'मेमोराबिलिया' मूळ अल्बमच्या रेकॉर्डवर नाही, ते वेगळं शोधावं लागेल.