बाटलीतलं ऑक्टेन आणि तवंदीचा घाट

प्रश्न : माझी एक लिटरची टर्बो पेट्रोल गाडी आहे, मूळ ताकद 110 पीएस. गेल्या दिवाळीत पुण्यात रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवून घेतली. ट्यूनरनं सांगितलं होतं, 97 ऑक्टेनचंच पेट्रोल वापरा. आमच्या इथल्या पंपांवर ते मिळत नाही. उन्हाळ्यापासून तवंदी घाट चढताना बारीक टकटक येते आणि गाडी मधेच ढिली पडते. दर टाकीला ऑक्टेन बूस्टरची एक बाटली ओततो. बाटलीवर ‘30 पॉइंट’ असं लिहिलंय. दोन ओतल्या तर चालेल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : दोन ओतू नका. आणि हे वाचल्यापासून घाटात फुल रेस देणं बंद करा, बाकीचं नंतर.

आधी त्या 30 पॉइंटचं बघू. या धंद्यात दहा पॉइंट म्हणजे एक ऑक्टेन. म्हणजे बाटलीवरचा दावा अगदी खरा धरला तरी, समजा, 91 चं पेट्रोल 94 होईल, 121 नव्हे. तुमचा मॅप, म्हणजे तो बदललेला प्रोग्रॅम, 97 साठी लिहिलाय. दुसरी बाटली ओतली म्हणून आणखी तीन मिळत नाहीत, पहिल्या मात्रेनंतर वाढ कमी कमी होत जाते. ऑक्टेन म्हणजे ताकद असंही नाही. दाबाखाली पेट्रोल आपणहून पेटू नये, ठिणगीची वाट बघावी, एवढीच ती क्षमता. रिमॅपमध्ये टर्बोचा दाब वाढवलाय, टायमिंग पुढं नेलंय, म्हणजे ठिणगी लवकर पडते, म्हणून तुमच्या इंजिनाला ती जास्त लागते. कमी पडली की टकटक येते. मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, टायमिंग मागं घेतो, आणि तुम्हाला जी ‘ढिली’ वाटते ती हीच. गाडी स्वतःला वाचवायलीय.

बेळगावच्या उद्यमबागेत मी इंजिनं रिबोअर करतो, सत्तावीस वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात खानापूरकडची अशीच एक ट्यून केलेली गाडी टोचन लावून आली. एका सिलिंडरला कॉम्प्रेशनच नव्हतं. हेड उतरवलं, पिस्टन काढून डिझेलनं धुतला, उजेडाला धरला. माथा शाबूत, कुठं भोक नाही, वितळलेलं नाही. खरं पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली पट्टी नखाएवढी तुटून गेलेली. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके, आणि त्यात चकचकणारे अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण. पोरगा शेजारीच उभा होता. म्हणाला, “मामा, दरवेळी बाटली टाकूलालो होतो की ओ.” त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. बाटलीच्या भरवशावर त्यानं ती टकटक महिनाभर ऐकून सोडली होती.

दुसरा धोका प्लगवर दिसतो. बऱ्याच बूस्टरमध्ये मँगनीजचं एमएमटी असतं, काहींत लोखंडाचं फेरोसीन. पेट्रोल जळून जातं, हे धातू राहतात. प्लगच्या टोकाला गंजासारखा तांबूस-नारिंगी थर बसतो, इंजिन तापलं की त्यातूनच वीज गळते आणि मिसफायर सुरू होतो. तोच थर ऑक्सिजन सेन्सरवर आणि धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन बसतो. तुमचा एक प्लग काढून बघा, दर टाकीला ओतताय म्हणजे रंग दिसेलच.

आता करायचं काय? ट्यूनरला फोन करा आणि सांगा, निपाणीत जे पेट्रोल मिळतं त्याच्यासाठी मॅप लिहून द्या. त्याला लॉग, म्हणजे चालत्या इंजिनाची नोंद, लागेल. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरात 2000 पासून 5500 आरपीएमपर्यंत एकदा खेचायची, आणि प्रत्येक सिलिंडरला टायमिंग किती अंश मागं जातंय ते नोंदवायचं. सध्याच्या मॅपवर हे टकटक येत असताना करू नका, टर्बोचा दाब उतरवून घेतल्यावरच करा. थोडी ताकद जाईल. जाऊ दे.

घाटात तिसरा टाका. चौथ्यात 1500 आरपीएमवर पाय दाबून चढवणं थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनाला फार वाईट. तिथं ठिणगीच्या आधीच इंधन पेटतं आणि एका दणक्यात पिस्टन जातो. ऑइलच्या डब्यावर एपीआय एसपी लिहिलेलं आहे का बघा, या त्रासाचा विचार करूनच तो दर्जा आला आहे.

महाराष्ट्रातली मंडळी स्वस्त पडतं म्हणून कागल ओलांडून आपल्याकडं कर्नाटकात टाकी भरायला येतात, तुम्हाला मात्र चांगल्या पेट्रोलसाठी शहर गाठावं लागतं. मोठ्या शहरात 100 ऑक्टेनचं मिळालं तर 20 लिटर ते आणि 20 लिटर 95 चं घाला, ढोबळमानानं 97 च्या आसपास येतं. बाटलीपेक्षा हे कितीतरी भरवशाचं.

आणखी एक, कारण तुम्ही उसाच्या पट्ट्यातले. चिकोडी-अथणीच्या कारखान्यांत जे इथेनॉल बनतं ते स्वतःच मोठा ऑक्टेन बूस्टर आहे, 108-109 च्या घरातला, आणि धातूविना. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं ऑक्टेन सरकार 95 सांगतं. पण इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी, आणि तेवढ्याच हवेला इंधनही जास्त सोडावं लागतं. ट्यून केलेल्या गाडीत इंजेक्टर आधीच ताणलेले असतात. ट्यूनरला हेही विचारा.

बाटली पूर्ण टाकून द्या असं मी म्हणत नाही. डिकीत एक असू दे. चोर्ला घाटातून गोव्याला जाताना वाटेत शंकेचं पेट्रोल भरावं लागलं तर आधी बाटली ओता, वरून पेट्रोल, म्हणजे नीट मिसळेल, आणि सावकाश घरी या.

प्रश्न : माझ्या साध्या, टर्बो नसलेल्या गाडीत बूस्टर टाकला तर अ‍ॅव्हरेज वाढेल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : नाही. कंपनीनं सांगितलेल्या पेट्रोलवर टकटक येत नसेल तर जास्तीच्या ऑक्टेनचं त्या इंजिनाला काही काम नाही. तेवढ्या पैशात एअर फिल्टर बदला आणि टायरमधली हवा बघा.